फ्रीजला नळाचं पाणी जोडताय? या चुका टाळा

दारातून थंड पाणी आणि बर्फ देणारा फ्रीज घरी आला की लगेच प्लंबरला फोन जातो. त्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. फ्रीजला पाण्याची लाईन लागते का? बऱ्याच मॉडेलांत आत छोटी टाकी असते, ती हाताने भरायची. मागे पाईप जोडायची सोयच नसते. आणि दुसरं, गच्चीवरच्या टाकीपासून तुमचा फ्लॅट किती खाली आहे?

टाकीकडे न बघणं

बहुतेक फ्रीजना साधारण 20 ते 120 पीएसआय (पाण्याचा दाब मोजायचं एकक) प्रेशर लागतं (नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो). टाकीचं पाणी नुसतं उतारावर येत असेल, तर दर दहा फुटांना जेमतेम 4.3 पीएसआय मिळतं. म्हणजे 20 पीएसआयसाठी टाकी किमान 46 फूट वर हवी. पाच मजली सोसायटीत तळमजल्याचं कसंबसं भागतं, वरच्या मजल्यावर दाब पाच-सहा पीएसआयच्या पुढे जात नाही. नळाला धार बरी दिसते म्हणून फसू नका. अर्ध्या इंची नळाला लागणारा प्रेशर गेज हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो लावून बघा.

प्रेशर कमी असलं की बर्फ बारीक किंवा पोकळ पडतो, हे लोकांना ठाऊक असतं. पण फ्रीजचा इनलेट व्हॉल्व्ह (पाणी आत सोडणारी झडप) नीट बंद व्हायलाही पाण्याचाच दाब लागतो. तो नसला की व्हॉल्व्ह हळूहळू ठिबकत राहतो आणि बर्फाच्या खणात एक सलग ढेप तयार होते. अशा वेळी व्हॉल्व्ह बदलून काही होत नाही. छोटा प्रेशर पंप बसवावा लागतो.

आरओच्या टाकीतून फाटा काढणं

टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असलेल्या घरांत हा मोह होतोच. पण भिंतीवरच्या आरओची टाकी साधी असते, तोटी उघडली की पाणी आपल्या वजनाने खाली येतं. दोन-तीन फुटांचा तो दाब फ्रीजला कुठे पुरणार? आरओचंच पाणी हवं असेल तर मधे पंप घाला, किंवा ओट्याखाली बसणारा, हवेच्या दाबाची टाकी असलेला आरओ घ्या. जड पाणी थेट जोडलंत, तर बर्फ विरघळल्यावर ग्लासच्या तळाशी पांढरा गाळ दिसेल. फ्रीजचा कार्बन फिल्टर क्षार काढत नाही.

पाईप आणि जोड

पाव इंची पाईप किचनमधल्या सुरीने कापू नका. तोंड तिरकं झालं की फिटिंगमधली रबरी रिंग एका बाजूने नीट बसत नाही आणि थेंब-थेंब गळती सुरू होते. कटरने सरळ कापा, टेकेपर्यंत आत ढकला, मग ओढून बघा. अशा पुश-फिट जोडाला टेफ्लॉन टेप गुंडाळणारे प्लंबरही असतात. तिथे टेपचा काही उपयोग नाही, ती आट्यांच्या जोडासाठी.

फ्रीजमागे पाईपची दोन-तीन मोठी वेटोळी सैल सोडा, नाहीतर साफसफाईला फ्रीज पुढे ओढताना जोडच निघून येईल. फाटा थंड पाण्याच्या लाईनवरूनच घ्या, आणि फ्रीजसाठी वेगळा अँगल कॉक (पाणी बंद करायचा छोटा कॉक) हात पोचेल असा बसवा.

पाणी येत नाही, वास येतो

धार अचानक बारीक झाली तर आधी फ्रीजमागे पाईप चेपलाय का बघा, मग फिल्टर. तो साधारण सहा महिन्यांनी बदलायचा असतो. मॉडेलसोबत बायपास प्लग आला असेल तर फिल्टरच्या जागी तो लावा. धार सुधारली, तर दोष फिल्टरचा. नव्या जोडणीनंतर प्लॅस्टिकचा वास आला तर घाबरू नका; आठ-दहा लिटर पाणी सोडून द्या आणि पहिल्या दिवसाचा बर्फ टाकून द्या.

गणपतीला गावी निघताना अँगल कॉक बंद करा, पण आइसमेकरही बंद करा. नाहीतर पाणी नसतानाही तो व्हॉल्व्ह उघडत राहतो.