गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जाताना काय सांगावं, काय विचारावं

माझे दोन्ही गुडघे बदलल्यापासून तासगावातल्या ओळखीच्या बायका घरी येतात. कुणी पायावरचा व्रण बघतं, कुणी जिना चढून दाखवायला लावतं, आणि शेवटी प्रश्न तोच, "बाई, डॉक्टर कसे आहेत हो?" मी प्राथमिक शाळेत शिकवत होते, म्हणून अजून सगळ्यांची बाईच आहे. माझे डॉक्टर मिरजेचे, आणि माणूस म्हणून मोठे आहेत. पण त्यांच्याकडे जाऊन जे मी पाहिलं, त्यावरून मला एक गोष्ट पक्की कळली. डॉक्टर कितीही मायेचा असला तरी आपण खरं सांगितलं तेवढ्याचीच काळजी त्याला घेता येते. म्हणून आलेल्या प्रत्येकीला मी आधी वही काढायला सांगते.

वहीत काय लिहायचं

"गुडघे फार दुखतात" हे सगळेच सांगतात. डॉक्टरांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं, "कुठपर्यंत चालत जाता?" मी म्हटलं, गणपती मंदिरापर्यंत. "वाटेत कितीदा टेकता? यंदा ऋषिपंचमीला गणपतीच्या रथाचा दोर ओढायला गेला होता का?" मी गेले नव्हते. गेली दोन वर्षं गच्चीवरूनच नमस्कार करत होते. हे ऐकून त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. माझ्या दुखण्याचं माप त्यांना त्या उत्तरात मिळालं होतं.

तेव्हा जाण्याआधी आठ-पंधरा दिवस रोज दोन ओळी लिहा. किती अंतर चालल्यावर थांबावं लागतं? जिना चढताना जास्त दुखतं की उतरताना? रात्री दुखण्यानं जाग येते का? सकाळी उठल्यावर पाय मोकळा व्हायला किती वेळ लागतो? गुडघा मध्येच लचकतो का, अडकतो का? शौचाला बसून उठताना कशाचा आधार लागतो? शेवटचा प्रश्न बायका सांगत नाहीत, लाज वाटते. तो जरूर लिहा. डॉक्टरांसमोर तोंडानं सांगवत नसेल तर वही पुढे सरकवा.

गोळ्यांची पिशवी

घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. बीपीची, साखरेची, थायरॉइडची, रक्त पातळ करणारी, सगळी. कुणी गावातून आणून दिलेली पुडी किंवा काळी गोळी असेल तर तीही. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. म्हणून तर दोन दिवसांत बरं वाटतं. पण त्यानं साखर वाढते, जखम भरायला वेळ लागतो, आणि शरीराला त्याची सवय झालेली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी कळायलाच हवं. माझ्या शेजारणीनं अशी पुडी पदरात बांधून नेली आणि काढायला घाबरत होती. डॉक्टर रागावले नाहीत. "बरं झालं आणलीत," म्हणाले, आणि ती कधीपासून घेते, दिवसाला किती घेते हे शांतपणे विचारून घेतलं. रागावले असते तर तिनं पुढचं काही सांगितलंच नसतं.

गुडघ्यात इंजेक्शन घेतलं असेल तर कधी घेतलं ती तारीख सांगा. स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतर साधारण तीन महिने तरी ऑपरेशन टाळतात, कारण जंतुसंसर्गाची भीती वाढते. किडलेला दात, लघवीची जळजळ, पायाला चिघळलेली जखम, हे गुडघ्याशी संबंध नसलेलं वाटतं, पण तिथले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत जाऊ शकतात. ते आधी बरं करून घ्यावं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका. कधी थांबवायची हे डॉक्टर सांगतात, आणि हृदयाच्या डॉक्टरांनाही विचारतात.

तपासताना लक्ष कशाकडे द्यायचं

मी दारातून खुर्चीपर्यंत चालत गेले तेव्हाच त्यांची नजर माझ्या पायांवर होती. नंतर टेबलावर झोपवून त्यांनी खुबाही फिरवून पाहिला, कंबरही तपासली. मला वाटलं, गुडघा सोडून हे काय चाललंय. पण खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं, आणि मणक्यातली शीर दबली तरी पाय दुखतो. हे न तपासता गुडघा बदलला तर दुखणं राहतंच. एक्स-रेही उभं राहून काढायला सांगितला. झोपून काढलेल्या एक्स-रेत हाडांमधलं अंतर खरं असतं त्यापेक्षा जास्त दिसू शकतं. पायावर भार आला की कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, किती झिजली ते कळतं.

बाहेर बाकावर कवठेमहांकाळच्या एक काकू बसल्या होत्या. त्यांच्या मुलानं पैशांची जुळवाजुळव करून आणली होती, आजच तारीख घ्यायची म्हणून. डॉक्टरांनी त्यांना मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दाखवले, वजन कमी करायला सांगितलं आणि सहा महिन्यांनी यायला सांगून परत पाठवलं. मुलगा नाराज झाला. काकूंच्या चेहऱ्यावर मात्र केवढी सुटका होती! ऑपरेशनला आलेल्या माणसाला "अजून गरज नाही" असं सांगणारा डॉक्टर भेटला, तर त्याचं ऐका.

विचारायचे प्रश्न

हेही वहीत लिहून न्या, समोर गेल्यावर आठवत नाहीत. आणखी थांबलं तर काय बिघडेल, हा पहिला. माझं ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार का, रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा, हा दुसरा. याचं उत्तर म्हणून आम्हाला एका कागदावर नंबर लिहून मिळाला, आणि सुनेनं तो फ्रिजवर चिकटवला.

दोन्ही गुडघे एकदम की वेगवेगळे, हे सगळे विचारतात. माझ्या हृदयाचा अहवाल बघून डॉक्टर म्हणाले, वेगवेगळे करू. मी जरा हिरमुसले, तर त्यांनी वाजपेयींची आठवण दिली. ते पंतप्रधान असताना डॉ. चित्तरंजन राणावत यांनी मुंबईत ब्रीच कँडीमध्ये त्यांचा एक गुडघा २००० साली केला आणि दुसरा २००१ साली. तब्येत धडधाकट असेल तर दोन्ही एकदम करतात, पण तो निर्णय हृदय, फुफ्फुसं, वय आणि रक्ताचे अहवाल बघून होतो. शेजारणीनं एकदम केले म्हणून आपणही एकदम करायचे, असं नसतं. मधुमेह असेल तर साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणीही (HbA1c) बघतात, आणि ती आठ टक्क्यांच्या वर असेल तर पुष्कळ सर्जन आधी साखर आटोक्यात आणायला लावतात.

पैशांचं मोकळेपणानं विचारा. ऑगस्ट २०१७मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणानं गुडघ्यात बसवायच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरली होती, विशेष धातूच्या सांध्याची ७६,६०० रुपये. बिलात सांध्याची कंपनी, बॅच क्रमांक आणि किंमत वेगळी दाखवावी लागते. म्हणून आधीच विचारा: सांधा कोणता, त्याचे किती, दवाखान्याचे किती, फिजिओथेरपी त्यात धरली आहे का. मी महागाचा, सोनेरी थर दिलेला सांधा मागितला होता, मुलगा तयार होता. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या वयाला साधा पुरेल, उरलेल्या पैशांतून घरी फिजिओथेरपिस्ट बोलवा." सरकारी योजनेत बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयात रुग्णांना मदत करायला बसलेल्या आरोग्यमित्राला विचारायचं. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

आणि शेवटचा प्रश्न, पुढे मला काय करता येणार नाही? मला स्पष्ट सांगितलं गेलं: उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर मांडी घालायची नाही. पूजा खुर्चीवर बसून करायची हे मी ऑपरेशनच्या आधीच मनाशी ठरवलं. त्यामुळे नंतर मन खट्टू झालं नाही.

दवाखान्यात: दुखणं लपवू नका

ऑपरेशन कमरेत भूल देऊन झालं, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं. दुखतं. "थोडंसं दुखेल" असं डॉक्टरांनी मला कधीच सांगितलं नाही. "पहिले काही दिवस चांगलंच दुखेल, पण आमच्याकडे त्यावर औषध आहे आणि तुम्ही सांगायचं," असं सांगितलं होतं. त्या एका वाक्यानं मी घाबरले नाही.

नर्स विचारते, दहापैकी किती दुखतंय? खरा आकडा सांगा. माझ्या बाजूच्या खाटेवरच्या आजी दर वेळी "बरं आहे गं बाई" म्हणायच्या. रात्रीबेरात्री पोरींना कशाला त्रास, असा त्यांचा विचार. सकाळी फिजिओथेरपिस्ट आली की त्यांना पाय उचलता येईना. डॉक्टर राउंडला आले, स्टूल ओढून त्यांच्या खाटेशी बसले आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "आजी, दुखणं लपवलंत तर व्यायाम होणार नाही. व्यायाम झाला नाही तर गुडघा वाकणार नाही. मग माझं ऑपरेशन वाया गेलं." त्या दिवसापासून आजी आकडा सांगायला लागल्या. आम्हा दोघींना व्यायामाच्या अर्धा तास आधी वेदनाशामक गोळी मिळायची, आणि आजींचा गुडघा माझ्यापेक्षा आधी काटकोनात वाकला.

पडल्या पडल्या घोटे वर-खाली हलवत राहा, पोटरीत रक्त साकळू नये म्हणून. गुडघ्याखाली उशी घ्यायचा मोह फार होतो, बरं वाटतं. घेऊ नका, गुडघा वाकलेलाच राहतो, पूर्ण सरळ होत नाही. उशी टाचेखाली.

घरी आल्यावर

घर आधीच तयार ठेवा. आमच्याकडे सुनेनं सगळी पायपुसणी उचलली, कमोडची खुर्ची आणली, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला आणि माझा पलंग खालच्या खोलीत आणला. जिन्याचा नियम पाठ करा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. गुडघा कित्येक महिने गरम आणि थोडा सुजलेला राहतो, व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटतं, चालताना टकटक आवाज येतो. या तिन्ही गोष्टींनी मी घाबरले असते, पण डिस्चार्जच्या दिवशीच त्या मला सांगून ठेवल्या होत्या. मात्र जखमेतून पाणी किंवा पू येणं, ताप आणि हुडहुडी, गुडघा वाढत्या दुखण्यासह लालभडक होणं, पोटरी दुखून टणक होणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी फोन करायचा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनची वाट न बघता जवळचं रुग्णालय गाठायचं. स्वतःहून अँटिबायोटिक सुरू करायचं नाही. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा, त्यावर सांध्याचे स्टिकर असतात. दाताच्या डॉक्टरांकडे गेलात तर आत सांधा आहे हे आधी सांगा.

आपला अनुभव दुसऱ्याला सांगताना

तुम्ही बऱ्या झालात की तुमच्याकडेही लोक येतील. तेव्हा "देवमाणूस आहेत" एवढ्यावर थांबू नका. पहिल्या भेटीत किती वेळ दिला, काय काय तपासलं, बिल ठरलेल्या आकड्याच्या आसपास आलं का, किती दिवस खरं दुखलं, कधी एकट्यानं बाजारात जाता आलं, हे सांगा. जे जमत नाही तेही सांगा. मी माझी वहीच हातात देते. कुणी एक्स-रे घेऊन आलं तर मी तो पाकिटातून काढत नाही. तिला कोरी वही देते आणि आज किती चालली ते लिहायला लावते.