लोहगडावर फोटो काढताना (मोबाईलवरच, कॅमेरा नको)

पावसाळ्यात लोहगड करून आलेल्या कुणाचाही मोबाईल बघा, शंभर-दीडशे फोटो असतात आणि निम्म्यांत कुणीतरी बरोब्बर मधोमध उभं, पाय घोट्याशी कापलेले, मागे पांढरं धुकं, गड कुठाय तेच कळत नाही. माझ्याकडे पण असे ढीगभर आहेत म्हणून सांगतोय.

आधी लेन्स पुसा. खरंच. घाम, पाऊस, वडापावचं तेल सगळं तिथे असतं. मग कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड चालू करा, स्क्रीनवर नऊ चौकोन दिसतील. वरून पवना धरण दिसतं ना, त्या पाण्याची कड आडव्या रेघेला धरून सरळ ठेवा, तिरकी आली की धरण सांडतंय असं वाटतं. आणि ती कड मधोमध नको. ढग भारी असतील तर ती खालच्या रेघेवर घ्या, आभाळ नुसतंच पांढरंफटक असेल तर वरच्या.

आता खरी गंमत दरवाजांची. गणेश, नारायण, हनुमान करत महादरवाजापर्यंत चढलात की लगेच पुढे पळू नका, मागे वळून खाली बघा, तटबंदी आणि पायऱ्या कशा नागमोडी वळत गेल्यात ते तिथूनच दिसतं. ही तटबंदी फोटोच्या खालच्या कोपऱ्यातून आत येऊ द्या, म्हणजे बघणाऱ्याची नजर आपोआप तिच्यामागून जाते. रविवारी गर्दी असतेच, तिला शिव्या घालण्यात अर्थ नाही, पाच मिनिटं थांबा, लाल नाहीतर पिवळा रेनकोटवाला एखादा वळणावर आला की क्लिक. हिरव्या-काळ्यात तेवढा एक ठिपका पुरतो.

दरवाजाच्या कमानीत आत उभं राहून बाहेरचा फोटो घ्यायचा तर स्क्रीनवर बाहेरच्या उजेडावर बोट टेकवा, कमान काळी पडेल, पडू दे, तीच तुमची फ्रेम. धुक्यात मात्र उलटं करायचं, मोबाईल धुकं मळकट करून टाकतो म्हणून स्क्रीनवर बोट ठेवून ब्राइटनेस थोडा वर सरकवा.

विंचूकाट्याला सगळे फसतात. एवढी लांब डोंगराची सोंड, आणि आपण झूम ०.५ वर (म्हणजे वाइडवर) टाकून तिची काडी करतो! १ वर नाहीतर २ वर घ्या, वरच्या अंगाला उभे राहा आणि मित्रांना त्या सोंडेवर पुढे चालत जाऊ द्या. माणूस मुंगीएवढा दिसला की विंचूकाटा केवढा आहे ते कळतं. मित्र कुरकुरतील की आमचे चेहरेच दिसत नाहीत, त्यांचे वेगळे काढा, गुडघ्यावर बसून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीच्या जरा खालून, आणि डोक्यातून झेंड्याची काठी उगवलेली नाही ना ते बघून. तुम्ही स्वतः मात्र फ्रेम बघत मागे मागे सरकू नका, कड्याला कठडा नाहीये.

दुपारी बारा ते तीन ऊन असेल तर सरळ डबा खाऊन घ्या, तेव्हा चेहऱ्यावर डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात.

घरी आल्यावर कडेला आलेलं कुणाचं कोपर, चिप्सचं पाकीट क्रॉप करून टाका. आणि ग्रुपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप त्याचा पार चोथा करतं.