एफवाय गेलं? आधी गुणपत्रिका नीट वाचा

"सर, माझं वर्ष गेलं," असं म्हणत एखादा मुलगा दारात उभा राहिला की मी पहिल्यांदा विचारतो, गुणपत्रिका आणलीस का? बहुतेकांनी आणलेली नसते. मोबाईलवर निकाल उघडला, खाली 'फेल' दिसलं आणि स्क्रीन बंद केली, एवढंच झालेलं असतं. किती विषय गेले, कशात गेले, पुढच्या वर्गात बसता येतं की नाही, यातलं काहीच त्याला माहीत नसतं. तरी कॉलेज सोडायचं मात्र ठरलेलं असतं.

मी सोलापूरच्या पूर्व भागात संध्याकाळी गणित आणि विज्ञान शिकवतो. माझंही बी.एस्सी.चं पहिलं वर्ष गेलं होतं. तेव्हा आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती आणि निकालाच्या लहानशा कामासाठीही कोल्हापूरची एसटी धरावी लागायची. २००४ पासून सोलापूर जिल्ह्याचं स्वतःचं विद्यापीठ आहे, पुण्याच्या रस्त्यावर केगावला. चौकशीसाठी जाऊन संध्याकाळी घरी परतता येतं. ही सोय वापरा. नापास झालेल्या मुलाला सगळ्यात जास्त गरज खऱ्या माहितीची असते, आणि कट्ट्यावर ती मिळत नाही.

त्याच दिवशी घरी सांगा

अक्कलकोटकडच्या एका गावातून येणाऱ्या मुलाने वर्ष गेल्याचं घरी सांगितलंच नाही. रोज सकाळी डबा घेऊन एसटीने यायचा, सोलापूरच्या पार्क चौकात दिवस काढायचा आणि संध्याकाळी परत जायचा. विद्यार्थी पास काढायला कॉलेजचं बोनाफाईड लागतं. ते मिळेना, तेव्हा तो पूर्ण तिकीट काढून येऊ लागला आणि पैसे पुरेनात म्हणून गोष्ट उघड झाली. वडिलांना नापास झाल्याचं फारसं वाटलं नाही. पाच महिने तो खोटं बोलला, हे मात्र त्यांना सहन झालं नाही. मधल्या काळात पुनर्मूल्यांकनाची आणि परीक्षा फॉर्मची मुदत टळून गेली होती.

म्हणून निकालाच्या दिवशीच सांगा. वडिलांचा धाक वाटत असेल तर आधी आईला, मोठ्या बहिणीला किंवा मामाला सांगा, पण घरातल्या एका मोठ्या माणसाला त्या रात्री माहीत हवं. लांबण लावू नका. "अप्पा, माझे तीन विषय राहिलेत. कारण काय आणि पुढे काय करायचं ते मी दोन दिवसांत कॉलेजात विचारून सांगतो." एवढं पुरे. ओरडा बसेल, तो बसू द्या. दोन दिवसांनी मात्र सांगितल्याप्रमाणे कागद घेऊन समोर बसा.

त्या रात्री जगणंच नको वाटायला लागलं तर एकटं राहू नका. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मित्राचा निकाल असा लागला असेल आणि तो गप्प झाला असेल तर त्याला घरी घेऊन या किंवा त्याच्या घरी जाऊन बसा. अभ्यासाचं नंतर बघू.

गुणपत्रिका एका कोऱ्या कागदावर उतरवा

मोबाईलवरचा निकाल वाचून समजत नाही, स्वतःच्या हाताने लिहून काढावा लागतो. प्रत्येक विषयासमोर इंटर्नल, लेखी आणि प्रॅक्टिकल किंवा ओरल असे वेगळे रकाने करा. पुष्कळ अभ्यासक्रमांत या प्रत्येकात स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं. लेखी पेपर चांगला गेला, पण प्रॅक्टिकलची वही, म्हणजे जर्नल, शिक्षकांकडून सर्टिफाय करून घेतलं नाही म्हणून विषय राहिला, अशी मुलं मी दरवर्षी पाहतो. अशा मुलाला वर्षभर पुस्तक घेऊन बसायची गरजच नसते.

मग हे पाहा: कुठे 'गैरहजर' लागलंय का, आणि तुम्ही त्या पेपरला खरंच बसला होतात का? निकाल 'राखीव' असा आहे का? राखीव म्हणजे नापास नाही. बहुतेक वेळा एखादं कागदपत्र, फी किंवा कॉलेजकडून जायचे इंटर्नलचे गुण अडकलेले असतात. अशा चुका अर्ज, हॉल तिकीट आणि हजेरीचा पुरावा दाखवून दुरुस्त होतात, पण स्वतः हिंडावं लागतं.

एटीकेटी आहे की इयर डाऊन?

राहिलेले विषय सोबत घेऊन पुढच्या वर्गात बसायची परवानगी म्हणजे एटीकेटी. ती मिळाली असेल तर वर्ष गेलेलंच नाही, फक्त ओझं वाढलंय. इयर डाऊन झालात तर पुढच्या वर्गात प्रवेश मिळत नाही, राहिलेले विषय सोडवेपर्यंत थांबावं लागतं.

किती विषयांपर्यंत एटीकेटी, हे बी.ए., बी.कॉम., फार्मसी, इंजिनिअरिंग या प्रत्येकाचं निराळं आहे. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणाचा पॅटर्न राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आला. त्यामुळे दोन वर्षं पुढे असलेल्या दादाला लागू असलेला नियम तुम्हाला लागू असेलच असं नाही. तुमच्या अभ्यासक्रमाची विद्यापीठाने प्रसिद्ध केलेली पीडीएफ उघडा. विषयांच्या यादीच्या आसपास पासिंग आणि एटीकेटीचे नियम बहुधा असतात. संगमेश्वरसारख्या स्वायत्त कॉलेजात परीक्षा कॉलेजच घेतं, तेव्हा तिथे केगावला जाण्याआधी कॉलेजच्याच परीक्षा विभागात विचारा. तोंडी उत्तरावर थांबू नका. नियम कुठे छापलाय ते दाखवायला सांगा आणि त्या पानाचा फोटो घ्या.

आधी छायाप्रत, मग पुनर्मूल्यांकन

निकालानंतर उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी आणि पुनर्मूल्यांकनासाठी अर्जाची मुदत थोड्याच दिवसांची असते. परिपत्रकातली शेवटची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. छायाप्रत हातात आली की या तीन गोष्टी बघा: एखादा प्रश्न तपासायचा राहिलाय का, आतल्या गुणांची बेरीज पहिल्या पानाशी जुळते का, पुरवणी जोडलेली आहे का. त्या विषयाच्या शिक्षकांनाही दाखवा. दोन-चार गुणांनी विषय गेला असेल किंवा तपासणीत उघड चूक दिसत असेल तर पैसे भरा. वीस गुण कमी असतील तर ते पैसे वाचवा. पुनर्मूल्यांकनात गुण कमी होऊ शकतात का, हेही परिपत्रकात वाचून घ्या.

एक चूक इथे पुष्कळ जण करतात. पुनर्मूल्यांकनाचा निकाल येईल म्हणून राहिलेल्या विषयाचा परीक्षा फॉर्मच भरत नाहीत. निकाल उशिरा येतो, तोही 'बदल नाही' असा, आणि फॉर्मची मुदत संपलेली असते. दोन्ही भरा. पास झालात तर फॉर्मचे पैसे गेले, एवढंच.

तपासलेली उत्तरपत्रिका पाहणं हा विद्यार्थ्याचा माहितीच्या अधिकारातला हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण त्या अर्जाला उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून विद्यापीठाचा छायाप्रतीचा मार्गच आधी धरा.

नापास कशामुळे झालो?

इथे मी मुलांना घाई करू देत नाही. "अभ्यास केला नाही" हे उत्तर मी मान्य करत नाही, कारण त्याच्या आत दुसरं काहीतरी असतं.

आपल्याकडे पहिलं मोठं कारण भाषा आहे. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड. शाळा मराठीत झाली आणि बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगला गेल्यावर एकदम सगळं इंग्रजीत आलं. म्हणजे तिसऱ्या भाषेत गणित. दहावीला ९० टक्के मिळवलेली मुलगी पहिल्या सेमिस्टरला वर्गात गप्प बसते, कारण शंकाच इंग्रजीत मांडता येत नाही. ती हुशार नाही असं तिला स्वतःलाच वाटायला लागतं, आणि हे मला फार लागतं, कारण तिला येत असतं.

यावर करायचं काम सरळ आहे, पण रोज करावं लागतं. शंभर पानी वही घ्या, नाव द्या शब्दांची वही. डावीकडे इंग्रजी शब्द, मधे शाळेतला मराठी शब्द, उजवीकडे स्वतःच्या बोलीत एक वाक्य. इनर्शिया म्हणजे जडत्व, मोमेंटम म्हणजे संवेग, अॅक्सिलरेशन म्हणजे त्वरण. दहावीत क्रेमरच्या रीतीत ज्याला निश्चयक म्हणत होतात, तोच इंजिनिअरिंगच्या पहिल्या गणितातला डिटर्मिनंट. कॉमर्सला जर्नल म्हणजे रोजकीर्द, लेजर म्हणजे खतावणी, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज. ओळख पटली की भीती निम्मी होते. रोज दहा शब्द धरा. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय संस्थेच्या ई-कुंभ पोर्टलवर मराठीतली तांत्रिक पुस्तकं मोफत आहेत, आणि मराठी विश्वकोश तर सगळ्यांसाठी ऑनलाइन खुला आहे. आधी मराठीत समजून घ्या, मग तेच उत्तर इंग्रजीत पाच साध्या वाक्यांत लिहा. हे लिहिणं टाळलं तर वही नुसती भरेल, पेपर सुटणार नाही.

दुसरं कारण काम. टॉवेलच्या कारखान्यात किंवा यंत्रमागावर रात्रपाळी करून सकाळच्या लेक्चरला बसलेल्या मुलाला डोळा लागतो, त्यात त्याचा दोष नाही. वळलेल्या विड्यांचा हिशोब संभाळत, धाकट्यांना बघत शिकणाऱ्या मुलीही आहेत. अशा घरात "काम सोड" म्हणणं सोपं नसतं. मी एवढंच सुचवतो की परीक्षेआधीचा एक महिना रात्रपाळी टाळता येईल का, हे आत्ताच मालकाशी आणि घरी बोलून ठरवा. आयत्या वेळी सुट्टी मिळत नाही.

तिसरं कारण, हा अभ्यासक्रम आपला नव्हताच. शेजारच्याने इंजिनिअरिंग घेतलं म्हणून घेतलं. हे खरं असेल तर कबूल करा, पण निकालाच्या आठवड्यात नव्हे. त्या आठवड्यात सगळेच विषय नकोसे वाटतात. महिनाभर थांबा. त्यानंतर एखादं प्रकरण आवडीने वाचवतंय का बघा.

राहायचं की रस्ता बदलायचा

थोड्याच विषयांत गेला असाल आणि कारण भाषा, काम किंवा हजेरी असेल तर राहा, हे माझं स्पष्ट मत आहे. पास झालेल्या विषयांची मेहनत वाया घालवू नका. नव्या पॅटर्नमध्ये पास झालेल्या विषयांची क्रेडिट्स, म्हणजे श्रेयांक, अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा होतात आणि साधारण सात वर्षं टिकतात. आपल्या खात्यात ती दिसतात का, हे एकदा उघडून पाहा.

बदलायचंच असेल तर बारावी विज्ञान झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आणि डिप्लोमानंतर पुन्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हाताने काम करायची आवड असेल तर आयटीआयकडे कमीपणाने पाहू नका. घरची गरज म्हणून पूर्ण वेळ काम करावंच लागणार असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूतून पदवी करता येते.

कॉलेज सोडताना मूळ गुणपत्रिका आणि दाखले मागून घ्या. कॉलेजने विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रं स्वतःकडे अडकवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१८ मध्येच बजावलं आहे. कुणी अडवलं तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. शिष्यवृत्ती घेत असाल तर नापास वर्षाचा नियम योजनेगणिक वेगळा असतो. कॉलेजातल्या शिष्यवृत्तीच्या क्लार्कना भेटल्याशिवाय महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज भरू नका. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेलाही कळवा, हप्ता सुरू व्हायची तारीख कोर्सवर ठरते.

मधलं वर्ष

इयर डाऊनच्या वर्षात सगळ्यात मोठा धोका मोकळ्या दुपारींचा. शक्य असेल तर कॉलेजची परवानगी घेऊन राहिलेल्या विषयाच्या तासांना मागे बसा. बरेच शिक्षक हो म्हणतात. आपला उन्हाळा धरून वेळापत्रक करा: एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात दुपारी अभ्यास होत नाही, तेव्हा पहाटे पाच ते नऊ हेच खरे तास. दुपारी झोपा किंवा अर्धवेळ काम करा. हिवाळ्याच्या परीक्षा सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या आगेमागे आल्या तर घरात पाहुणे असतील हे गृहीत धरून बसायला दुसरी जागा आधी बघून ठेवा. शहरात अभ्यासिका आहेत, स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे गप्प बसून वाचतात, त्यांच्यात बसलं की आपणही बसतो.

मागच्या पाच परीक्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा आणि कुठले प्रश्न परत परत येतात त्यावर खुणा करा. मग आठवड्यातून एक पेपर घड्याळ लावून पूर्ण वेळ लिहा. वाचून पाठ झालेलं पेपरात उतरत नाही, हे मी स्वतः दुसऱ्या खेपेला शिकलो. सगळं येत होतं आणि वेळ पुरला नाही.

पुढच्या नोकरीची काळजी आत्ता नको. काही कंपन्या कॅम्पसमध्ये बॅकलॉग, म्हणजे राहिलेले विषय, नको म्हणतात, हे खरं आहे. पण एमपीएससी आणि यूपीएससीच्या पदवीधर परीक्षांना पदवी लागते, ती किती वर्षांत मिळवली हे पात्रतेत धरत नाहीत.

फॉर्म आणि हॉल तिकीट

बॅकलॉगचा परीक्षा फॉर्म चालू सेमिस्टरच्या फॉर्मपेक्षा बहुधा वेगळा भरावा लागतो, आणि पहिल्या सेमिस्टरचा विषय दुसऱ्याच्या फॉर्ममध्ये आपोआप येईलच असं नाही. भरताना विषयाचा कोड जुन्या गुणपत्रिकेशी ताडून पाहा. मधे अभ्यासक्रम बदलला असेल तर तुमच्या विषयाला समकक्ष कुठला ते विभागात विचारा. मी एका मुलीला जुन्या अभ्यासक्रमावर तयारी करून नव्या पेपरला बसलेलं पाहिलंय. फीची पावती जपून ठेवा.

हॉल तिकीट आलं की राहिलेले सगळे विषय त्यावर छापलेत का, तारखा एकमेकांवर येत नाहीत ना, हे त्याच दिवशी बघा. एखादा विषय सुटला असेल तर पावती घेऊन लगेच परीक्षा विभागात जा. चार दिवस हातात असले तर दुरुस्ती होते.