या चुका टाळा : बडोद्याच्या हवेत लाकडाचं पॉलिश निवडताना

बडोद्यात पॉलिशवाला हवा असतो तो नवरात्र संपल्यावर आणि दिवाळीच्या आत. भिंतींना रंग, पडद्यांची धुलाई, झोपाळ्याला पॉलिश, सगळं त्याच पंधरा-वीस दिवसांत उरकायचं असतं. नेमकं तेव्हा लाकूड पावसाळाभर प्यालेलं पाणी पोटात घेऊन बसलेलं असतं, आणि शेजारच्या खोलीत पुट्टी घासली जात असते. मग पांढरट छटा येते, थर सुकत नाही, महिनाभरात पापुद्रे सुटतात आणि खापर फुटतं डब्यावर. बहुतेक वेळा डबा चांगलाच असतो. तो चुकीच्या महिन्यात किंवा चुकीच्या लाकडावर उघडलेला असतो.

महिना न बघता काम काढणं

हवेतली आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या आसपास राहिली की लाकडातली ओल १६ टक्क्यांपर्यंत चढते. ३० टक्क्यांच्या कोरड्या हवेत तीच ६ टक्क्यांवर येते. इंचभर जाडीची सागाची फळी वरून कोरडी लागली तरी आतली ओल उतरायला कित्येक आठवडे जातात. ऑक्टोबरात तिच्यावर कडक थर चढवला की डिसेंबरात फळी आकसते आणि सांध्यांवर पॉलिश फाटतं. सगळ्यात भरवशाचा काळ नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. थांबणं शक्य नसेल तर पिनांचं मॉइश्चर मीटर चार-पाच जागी टोचून बघा. आकडा १२ टक्क्यांच्या वर असेल तर दिवाळी जुन्या पॉलिशवरच साजरी करावी.

मे महिन्यातली अडचण उलटी. बेचाळीस अंशांत थिनर ब्रशखालीच उडतो, थर सपाट व्हायला वेळच मिळत नाही, रेघा आणि बुडबुडे तसेच गोठतात. तेव्हा सकाळी नऊच्या आत काम आटपा, पंखा बंद ठेवा, ऊन येणाऱ्या खिडक्यांवर पडदा ओढा.

जमिनीला नव्या फळ्या बसवत असाल तर आधी त्यांच्या खालच्या बाजूलाही सीलरचा, म्हणजे लाकडाची छिद्रं बंद करणाऱ्या थराचा, एक हात द्या. वरची बाजू बंद आणि खालची उघडी राहिली तर ओल एकाच अंगाने ये-जा करते आणि फळी पन्हाळीसारखी वाकते.

घरातल्या सगळ्या लाकडाला एकच पॉलिश

मिस्त्री विचारतो, ‘मेलामाइन की पीयू (पॉलियुरेथेन)?’ त्याआधीचा प्रश्न असा की त्या लाकडाचं काम काय.

देव्हारा, काचेचं कपाट, आजोबांची आरामखुर्ची यांना चपडीचं (लाखेच्या पातळ पापुद्र्यांचं), म्हणजे फ्रेंच पॉलिश अजूनही उत्तम. त्याची दुरुस्ती कधीही करता येते, कारण नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. पहिल्या हाताला एक लिटर स्पिरिटमध्ये १२० ग्रॅम चपडी, पुढच्या हातांना २४० ग्रॅमपर्यंत. एकदा भिजवलेली चपडी सहा महिन्यांत संपवा. जुन्या द्रावणात लाख आणि स्पिरिट यांची सावकाश प्रक्रिया होत राहते आणि थर कायमचा मऊ राहतो. शंका असेल तर काचेवर एक थेंब टाका. सकाळी नखाने दबला तर बाटली फेकून द्या. मात्र लाख ७५ अंशांच्या आसपास मऊ पडते आणि पाण्याने पांढरी होते, म्हणून जेवणाच्या टेबलाला ती नको. देव्हाऱ्यातही समईखाली पितळी ताट हवंच.

मेलामाइन आतल्या कपाटांना आणि दारांना ठीक. कडक असतं, लवकर सुकतं, खिशाला परवडतं. पण ते ठिसूळ. झोपाळ्याच्या पाटावर कड्यांच्या भोकांजवळ आधी टवके उडतात, आणि जाड हात दिला तर बारीक तडे जातात. सुकताना त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटतो, त्यामुळे काही दिवस खिडक्या उघड्या ठेवा आणि त्या खोलीत लहान मुलांना झोपवू नका. जमिनीला किंवा बाहेरच्या लाकडाला मेलामाइन वापरू नये.

जमीन, जेवणाचं टेबल आणि घरातला झोपाळा यांना दोन डब्यांचं पीयू, म्हणजे बेस आणि तो कडक करणारा हार्डनर ऐन वेळी मिसळायचं. जमिनीला चकचकीत न घेता सॅटिन किंवा मॅट घ्या, कारण चकचकीत थरावर खुर्ची सरकल्याची प्रत्येक रेघ उन्हात उठून दिसते. तेलाधारित एका डब्याचं पीयू पिवळसर होत जातं. सागाला ती छटा शोभते, पांढऱ्या लाकडाला नाही. पाण्यावर आधारित पीयू स्वच्छ राहतं आणि वासही कमी, म्हणून राहत्या घरात सोयीचं. पण त्यातल्या पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात. म्हणून आधी ओल्या फडक्याने फळी पुसा, पूर्ण सुकू द्या, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा आणि मगच पहिला हात.

तेल-मेणाचा पर्याय ज्यांना देखभालीचा कंटाळा नाही त्यांच्यासाठी. ओरखडा पडला तर तेवढीच जागा दुरुस्त होते, पण वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तेल द्यावं लागतं. कच्चं जवसाचं तेल मात्र नको. ते आठवडेच्या आठवडे चिकट राहतं आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. कुठलंही तेल लावल्यावर १५-२० मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून घ्या, कारण लाकडात न मुरलेलं तेल चिकटाच होतं.

पश्चिमेचं ऊन खाणाऱ्या बाहेरच्या दारावर आतलं पीयू लावण्याची चूक फार दिसते. अतिनील किरण पारदर्शक थरातून आत जातात आणि खालच्या लाकडाचा पृष्ठभागच कुजवतात. थर शाबूत असूनही त्याच्या पायाखालची जमीन निसटते आणि पापुद्रे सुटतात. डब्यावर बाहेरच्या वापरासाठी असं स्पष्ट छापलेलं हवं. आणि पोळपाट-लाटण्याला यातलं काहीच लावायचं नाही.

खाली काय आहे ते न ओळखता घासायला घेणं

न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाने स्पिरिट लावा. मिनिटभरात थर चिकट झाला तर ती लाख. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने मऊ पडला तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. दोन्हींनी ढिम्म राहिला तर मेलामाइन किंवा पीयू, म्हणजे नवा हात विरघळून चिकटणार नाही, आधी घासून खरबरीत करावं लागेल.

साध्या चपडीत मेण असतं आणि त्यावर पीयू नीट धरत नाही. मध्ये मेण काढलेल्या लाखेचा पातळ हात द्या, नाहीतर जुना थर पूर्ण उतरवा.

संखेड्याच्या फर्निचरला मशीन लावू नका. बडोद्याहून साधारण पन्नास किलोमीटरवर बनणाऱ्या या सागवानी कामात नक्षी आणि चमक लाखेच्या थरात असते. पॉलिश पेपरने नक्षी जाते आणि स्पिरिटने रंग पसरतो. कोरडं मऊ फडकं पुरे.

फ्लॅटमधली ‘लाकडी’ जमीन लॅमिनेट निघाली तर विषयच संपला, कारण वर लाकडाचं चित्र छापलेलं असतं. इंजिनिअर्ड फळीवर (खाली प्लायसारखा पाया, वर खरं लाकूड) खऱ्या लाकडाचा थर अर्धा मिलिमीटरच असेल तर तिलाही मशीन लावायची नाही.

जुन्या घरातल्या खांबांवर ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली, त्यामुळे आधीच्या थरांत शिसं असू शकतं. ओलं घासा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.

घासण्यातली घाई आणि सागाचं तेल

लाकडी जमिनीला ६०, ८०, १२० असा क्रम धरा. फर्निचरला १२०, १८०, २२०. मधला नंबर गाळला तर जाड पेपरचे ओरखडे पॉलिशखाली राहतात आणि पॉलिशचा हात ओला असतानाच दिसू लागतात. उलट ४०० पर्यंत घासलेलं लाकूड काचेसारखं गुळगुळीत होतं आणि स्टेन (लाकडात मुरणारा रंग) पीत नाही. दोन हातांमध्ये ३२० पुरे. पाण्याच्या पॉलिशखाली स्टील वूल (घासायचा बारीक लोखंडी तारांचा गुंडा) नको. त्याचे कण गंजतात, आणि लाकडातल्या टॅनिनशी (तुरट द्रव्याशी) लोखंड भिडलं की काळे ठिपके पडतात.

साग मुळातच तेलकट. त्या तेलामुळे तेलाधारित पीयू कित्येक दिवस सुकत नाही. घासून झाल्यावर थिनरच्या फडक्याने पुसा, फडकं पिवळं यायचं थांबेपर्यंत, आणि तासाभरात पहिला हात द्या. रात्रभर ठेवलं तर तेल पुन्हा वर येतं.

हातात असेल त्या थिनरने पातळ करणं

पीयूमध्ये एनसी थिनर ओतणं ही सगळ्यात महागडी चूक. एनसी थिनरमध्ये बहुधा अल्कोहोल असतं. ते हार्डनरशी आधी भिडतं, मग बेसला पुरेसा हार्डनर उरत नाही आणि थर कायम मऊ राहतो. पीयूचाच थिनर घ्या, प्रमाण डब्यावरचं, आणि अंदाजपंचे न ओतता मापाच्या भांड्याने मोजा. ‘लवकर सुकेल’ म्हणून जास्त हार्डनर घातला तर थर ठिसूळ होतो. भांडं ओलं असेल तर हार्डनर पाण्याशी प्रक्रिया करून वायू सोडतो आणि थरात टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे येतात.

बारा बाय दहाच्या खोलीला एका हाताला साधारण एक लिटर लागतं, तीन हातांना तीन. सगळं एकदम कालवू नका, हातागणिक तेवढंच तयार करा. पीयू फवारायचं असेल तर रुमाल बांधून चालत नाही, ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा, म्हणजे रसायनांची वाफ गाळणाऱ्या डबीचा, मास्क लागतो.

बिघडलंच तर

लाखेवर पांढरट धुकं आलं तर ते दमट हवेचं काम. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. कोरड्या दुपारी, जेमतेम ओलसर स्पिरिटच्या बोळ्याने हलका हात फिरवा, बहुधा निघतं.

माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडले तर खाली सिलिकॉन आहे, जुन्या फर्निचर स्प्रेचं. वरून आणखी हात देऊन ते बुजत नाहीत. थर उतरवा, थिनरने दोनदा पुसा, मेण काढलेल्या लाखेचा एक हात, मग पुढे.

तीन दिवसांनीही चिकट असेल तर आधी हवा खेळती करून आठवडाभर वाट बघा. प्रमाणच चुकलं असेल तर वाट बघून काही होणार नाही, खरवडावंच लागेल.

कुंडीखालचा काळा डाग उघड्या लाकडावर असेल तर लिटरभर कोमट पाण्यात ६० ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड विरघळवून लावा, हातमोजे घालून. नंतर स्वच्छ पाण्याने दोनदा पुसा. ते विषारी आहे, आणि सुकल्यावर उरलेले स्फटिक घासले तर भुकटी नाकात जाते.

जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना त्या स्वतःच तापतात आणि पेट घेतात, मे महिन्यात तर अधिकच सहज. बाहेर एकेक पसरून सुकवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवा.

पाण्याच्या पीयूवर सतरंजी सात दिवसांनी अंथरा, तेलाधारित असेल तर महिन्याने. फिनेल आणि ओला पोछा दोन्ही बंद, फडकं घट्ट पिळून घ्या. खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या चकत्या लावा, आणि त्यांत वाळू अडकली की बदला.