टाकी गळतेय म्हटलं की डेक कापायच्या आधी

आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक किंवा वेल्डर होऊन मुलं आमच्याकडे हर्णैला येतात ती बहुतेक मे संपता संपता. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्या 61 दिवसांत बोटी खाडीत नाहीतर किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि वर्षभर पुढे ढकललेली सगळी कामं एकदम अंगावर येतात. इंजिन शिकायला सगळ्यांना आवडतं. बोटीच्या डिझेल टाकीचं काम मात्र कुणाला नको असतं: अंधार, डिझेलचा वास, तासन् तास वाकून बसणं. मी नव्या मुलाला आधी तिथेच बसवतो, कारण घाई न करणं ज्या कामात शिकता येतं ते हेच.

माझ्या पहिल्या पावसाळ्यात एका लाकडी ट्रॉलरच्या तळात साचलेल्या, म्हणजे बिल्जच्या, पाण्यावर डिझेलचा तवंग दिसला. टाकी पंधरा वर्षांची, लोखंडी. ती बसवून मग वर डेक ठोकलेलं, त्यामुळे कुठूनही हात जात नव्हता. आम्ही दोन दिवसांत डेक कापलं. टाकी काढली, धुतली, तपासली. एकही भोक नाही. डेकवरच्या झाकणापासून टाकीपर्यंत येणारा भरण्याचा रबरी पाईप क्लिपखाली चिरला होता. टाकी काठोकाठ भरली की तिथून झिरपायचं. पाचशे रुपयांच्या पाईपसाठी नाखव्याचं चांगलं सागवान आम्ही फाडलं. तो मला एक शब्द बोलला नाही. ती गोष्ट मला अजून लागते.

म्हणून आता आधी नुसतं बघायचं. टाकी भरल्यावरच गळते आणि अर्ध्यावर आली की थांबते, तर दोष वर आहे: भरण्याचा पाईप, व्हेंट म्हणजे हवा जायची नळी, वरच्या प्लेटचा जोड. इंजिन चालू असतानाच गळते, तर रिटर्न लाईन, म्हणजे इंजिनातून उरलेलं डिझेल टाकीत परत आणणारी नळी, बघा. बोट उभी असताना, सगळे कॉक बंद ठेवूनही रात्रभरात पातळी उतरते, तेव्हाच तळाचा संशय घ्यायचा. पातळी मोजायला कोरडी लाकडी पट्टी पुरते. दोन्ही वेळा बोट सारखीच कललेली असतानाच मोजा, नाहीतर आकडा फसवतो. पट्टीच्या टोकाला पेट्रोल पंपावर मिळणारी पाणी ओळखायची पेस्ट लावा. रंग बदलला की तळाशी पाणी आहे. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसतं, आणि लोखंडी टाकी आतून सडते ती त्याच रेषेवर. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे बुरशीही वाढते. फिल्टरमध्ये काळा, बुळबुळीत गाळ वारंवार सापडत असेल तर तो तिचाच.

तळच गेलाय अशी खात्री झाली की मग वाट शोधायची. इंजिनरूमच्या आडव्या फळ्या, मासे ठेवायच्या खणाची भिंत, झोपायच्या बंकखालची पेटी, सगळं उघडून बघा. जुन्या बोटीत कुणीतरी आधी उघडलेली जागा बऱ्याचदा सापडते. स्क्रूची डोकी नवी दिसतात. डेक कापायलाच लागलं तर खालच्या आडव्या तुळया आधी मोजून वर खडूने आखा, आणि काप तुळईच्या मध्यावर येईल असा घ्या. म्हणजे कापलेला तुकडा दोन्ही बाजूंनी तुळईवर बसतो, आणि स्क्रू व सीलंट लावून त्याचंच कायमचं झाकण होतं. पुढच्या वेळी जो कुणी येईल त्याला करवत लागू नये.

टाकीच्या आत उभ्या पत्र्यांचे कप्पे असतात, डिझेल हेलकावू नये म्हणून. एका भोकातून सगळे कप्पे साफ होत नाहीत. प्रत्येक कप्प्याला वेगळं हातभोक पाडावं लागतं. ते पाडताना ग्राइंडर किंवा गॅस कटर नको. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावून हळू भोक पाडा, मग जिगसॉ. झाकणाला साधं रबर वापरू नका, ते डिझेलमध्ये फुगतं. डिझेलला टिकणाऱ्या नायट्राईल रबराचं गॅस्केटच घ्या.

आता पुढचं दोनदा वाचा. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी घातक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा एकत्र होतात. डिझेल पेट्रोलसारखं लगेच भडकत नाही, हे खरं. पण वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाच्या पापुद्र्यात आणि जोडात मुरलेलं डिझेल पुन्हा वाफ होऊन बाहेर येतं. म्हणून टाकी बोटीतून काढून उघड्यावर आणा. गरम पाणी आणि डिटर्जंटने दोन-तीनदा धुवा, वाफेने धुता आली तर उत्तम. मग वेल्ड करायच्या जागेच्या जरा खालपर्यंत पाणी भरा, सगळी तोंडं उघडी ठेवा. पेटणारी वाफ ओळखणाऱ्या गॅस मीटरने तपासल्याशिवाय वेल्डिंगचा आर्क लावू देऊ नका, वेल्डर कितीही जुना असो. आणि टाकीत डोकं घालून आत उतरायचं नाही. बंद टाकीतला गंज हवेतला ऑक्सिजन खातो; वास येत नसला तरी माणूस आत कोसळतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. कुजलेल्या माशांच्या खणालाही हाच नियम लावा.

एक भोक दिसलं की हातोडीने आजूबाजूला हलकं ठोकत जा. आवाज बोदा आला, पत्रा दबला, तर तो भाग कागद झालाय आणि ठिगळ टिकणार नाही. बंदरापर्यंत पोचायला भोकावर साबणाची वडी घासली तर चार-दोन तास थांबतं, तेवढ्यापुरतंच. तळ पूर्ण बदलणं किंवा एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान करणं, हेच मी सुचवतो. लहान टाक्या हॅचमधून, म्हणजे डेकवरच्या झाकणाच्या तोंडातून, जातात. गॅल्व्हनाईज्ड पत्रा मात्र घेऊ नका, डिझेल जस्ताशी बिघडतं. नवी टाकी गोणपाटावर किंवा ओल्या लाकडावर टेकवू नका. पाणी न शोषणाऱ्या पट्ट्यांवर ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे.

चाचणीला हवेचा दाब दोनच पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला दोन पौंड. तीन फूट बाय दोन फूट प्लेटवर एवढ्यानेच पाऊण टनाहून जास्त जोर येतो, म्हणून कंप्रेसर थेट जोडू नका. सायकलच्या पंपाने भरा, साबणाचं पाणी लावा, बुडबुडे शोधा.

गाळ आणि धुण्याचं पाणी पिंपात भरून ठेवा. रात्री खाडीत सोडणारे मी पाहिलेत. त्याच चिखलात आपल्या बायका सकाळी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायला जातात.

ज्याला हे काम नीट शिकायचंय त्याने कोचीच्या सिफनेटचा, म्हणजे मासेमारी बोटींवरचं काम शिकवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, दोन वर्षांचा मरीन फिटर कोर्स बघावा. चेन्नई आणि विशाखापट्टणमलाही त्यांची केंद्रं आहेत. तोवर जूनमध्ये या. हेडटॉर्च, डिझेलला टिकणारे हातमोजे, खडू आणि मोजपट्टी आणा. पहिले तीन दिवस फक्त पट्टी मोजायची आहे.