एमआरएनए कॅन्सर लस आणि नॅनोकण: या चुका टाळा

लस (लिपिडच्या, म्हणजे मेदाच्या नॅनोकणात भरलेला एमआरएनए) टोचल्यावर सातव्या दिवशी उंदराचं रक्त काढायचं, टेट्रामर (लशीच्या लक्ष्याला ओळखणाऱ्या टी-पेशींना चिकटणारा चमकता रेणू) लावायचा, ट्यूमरच्या पेशी मारणाऱ्या सीडी८ टी-पेशींची टक्केवारी फुगलेली दिसली की पेढे वाटायचे. टिकाऊ प्रतिकारशक्तीवर काम करतो म्हणणाऱ्या लॅबमध्येही हेच चालतं. सातव्या दिवशी दिसतो तो पूर. त्यातल्या बहुतेक पेशी काही आठवड्यांत मरणारच असतात.

आमच्याकडच्या एका पीएचडीच्या मुलाने दोन आयोनायझेबल लिपिडं (कणातली, आम्लात धनभार घेणारी) एकाच एमआरएनएसोबत तपासली. पहिल्याचा आकडा दुसऱ्याच्या बराच वर. त्याला लगेच पोस्टर करायचं होतं, पिंजरे मोकळे करायचे होते. मी म्हटलं, "अरे, राहू देत की दोन महिने. तुझं काय खातायत?" कुरकुरत ठेवले. नंतर बी१६-ओव्हीए ट्यूमरच्या पेशी (ओव्हीए हे अंड्यातलं प्रथिन बनवणाऱ्या, उंदराच्या त्वचेच्या कॅन्सरच्या) टोचल्या, तर पहिल्या गटात गाठी भराभर वाढल्या आणि दुसऱ्या गटातले उंदीर तगले. कारण त्याच्या जुन्या फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशी खुणांवरून मोजण्याच्या) डेटातच पडलं होतं. पहिल्या लिपिडने दाह जास्त पेटवला होता. केएलआरजी१ हा मार्कर (पेशीवरची खूण) असलेल्या अल्पायुषी पेशींचा भरणा, आणि ज्यांतून स्मृतिपेशी तयार होतात त्या सीडी१२७ असलेल्या पेशी मोजक्याच. दोन्ही मार्कर पॅनेलमध्ये होते, पण उघडून बघतो कोण? आता माझ्या हाताखाली सातव्या दिवसाच्या आलेखावर लिपिड ठरत नाही. साठ दिवस थांबायचं, मग ट्यूमर टोचायचा. घाई असेल त्याने दुसरा विषय घ्यावा. (आणि ओव्हीए हा फार सोपा अँटिजेन, म्हणजे टी-पेशींचं लक्ष्य, आहे. खरे निओअँटिजेन, म्हणजे ट्यूमरमधल्या उत्परिवर्तनांतून आलेली लक्ष्यं, इतक्या सहज दाद देत नाहीत.)

दुसरं वेड ल्युसिफरेजचं, म्हणजे एमआरएनएपासून बनलं की उजेड देणाऱ्या प्रथिनाचं. बशीतल्या एचईके पेशी चमकल्या म्हणजे उंदरातही काम झालं, असं नसतं. शिरेतून दिलेला नेहमीचा कण रक्तातलं एपोई प्रथिन अंगावर चढवतो आणि थेट यकृतात जातो. पोट छान उजळतं, टी-पेशींना लक्ष्य दाखवणाऱ्या प्लीहेतल्या डेंड्रायटिक पेशी कोरड्याच. ऋणभारित लिपिड मिसळलं की कण प्लीहेकडे वळतात, हे २०२० मध्येच दाखवलं गेलंय. बायोएनटेकची स्वादुपिंडाच्या कॅन्सरवरची लस लिपोप्लेक्सच्या (आरएनए आणि लिपिडांच्या कणांच्या) रूपात शिरेतूनच देतात. तिच्या पहिल्या चाचणीत १६ पैकी ८ रुग्णांत लशीतल्या निओअँटिजेनविरुद्ध टी-पेशी जाग्या झाल्या. म्हणून मी प्लीहा आणि लसिकाग्रंथी काढून, पेशी वेगळ्या करून मोजतो. काम किचकट आहे, दिवस जातो. जाऊ दे.

बाकीच्या थोडक्यात. कण पीएच ४ च्या बफरमध्ये बनवा. पीबीएसमध्ये (उदासीन खारट बफर) लिपिडवर पुरेसा भार येत नाही, आरएनए बाहेरच राहतो. रायबोग्रीन (आरएनए मोजणारा रंग) ट्रायटनसह (कण फोडणारा साबण) आणि ट्रायटनशिवाय, दोन्ही करा. आयव्हीटीनंतर (नळीत एमआरएनए बनवल्यावर) दुपदरी आरएनए काढण्याची पायरी "या वेळेपुरती" गाळू नका. सुक्रोजशिवाय कण गोठवू नका. कंट्रोल म्हणून नुसतं पीबीएस चालणार नाही: रिकामा कणही दाह पेटवतो, म्हणून असंबद्ध एमआरएनए भरलेल्या कणांचा गट हवाच. पिंजरे कमी पडतात ही सबब मला सांगू नका.