सुंदरबनातली परसबाग: या चुका टाळा

भारताच्या हद्दीतल्या सुंदरबनात १०२ बेटं आहेत, त्यांतल्या ५४ बेटांवर वस्ती. तिथल्या बायकांची परसबाग फसली की ‘दीदींनी’, म्हणजे या बायकांनीच, ‘लक्ष दिलं नाही’ म्हणून सगळे मोकळे होतात. हे ऐकलं की माझं डोकं उठतं. बाग बुडते ती घाईमुळे, आणि बहुतेकदा ती घाई बियाणं वाटणाऱ्यांची असते.

खारं पाणी ओसरताच पेरणी. २६ मे २०२१ला ‘यास’ वादळ आलं ते ऐन पौर्णिमेच्या भरतीत. बांध फुटले, अंगणं आणि तळी खाऱ्या पाण्याने भरली. एका बेटावर थोड्याच दिवसांत बियांची पाकिटं वाटली गेली: फरसबी, कांदा, गाजर. मिठाला सगळ्यांत हळव्या भाज्या! बायकांनी राबून वाफे केले. रोपं वर आली आणि पानांच्या कडा करपायला लागल्या. पाणी कमी पडतंय असं वाटून त्यांनी तळ्यातून आणखी घागरी आणून ओतल्या. तळंही खारंच होतं.

मी बी हातात घेण्याआधी तळ्याच्या पाण्याचा खारटपणा मोजते. खारं तळं पावसाआधी उपसायचं, मग पावसाने भरू द्यायचं. वाफ्याला बांध घालून पावसाचं पाणी तुंबवायचं, मुरवायचं, चरातून बाहेर काढायचं, आणि हे पावसाळाभर करायचं. तोवर पोत्यांत चांगली माती भरून लाल माठ, मायाळू लावा. कार्तिकात पालक आणि बीट. मातीची क्षारता, म्हणजे मातीतलं मीठ, दर मीटरला १ डेसीसायमनच्या (हे ती मोजायचं एकक) वर गेली की फरसबीचं उत्पन्न घटायला लागतं, बीट ४ पर्यंत तग धरतं. पाणी जिभेला खारट लागत नाही म्हणून ते गोडं समजू नका.

उन्हाळ्यात माती उघडी टाकणं. वातीतून तेल चढावं तसं खालचं खारं पाणी वर चढतं आणि मीठ पांढरं फुटतं. भाताचा पेंढा जाड अंथरा. गुरांना घालून उरला तर बघू, असं म्हणू नका. वाफ्याचा वाटा आधी काढा.

जिप्समचा शॉर्टकट. ते चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेल्या जमिनीचं औषध. खारवट जमिनीला पाऊस आणि निचरा लागतो. आधी माती तपासून घ्या.

चुलीची राख ओतणं. राखेतही क्षारच असतात.

बी जमिनीवर ठेवणं. घट्ट झाकणाच्या डब्यात, आढ्याला टांगून.

पहिल्याच तोड्याला बाजार. पहिली भाजी घरात शिजवा, आणि जी बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते तिचं ताट आधी वाढा.